अठ्ठावन्न किलो

एमआरआय सेंटरच्या टेक्निशियननं टेबलाखालचा वजनकाटा पायानंच पुढे ओढला, त्याच्यावरून एकदा फडकं फिरवलं आणि कपडे बदलायच्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून म्हणाली,

"काकू, घड्याळ, कानातलं, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवा. बाहेर आलात की आधी वजन करू."

"वजन फॉर्मवर लिहिलंय की," बाकावर बसलेले काटेवाले म्हणाले.

"वाचलं मी. अठ्ठावन्न."

"मग झालं तर."

"झालं कसं? मी केलेलं नाही ना ते."

मुलगी तिशीतली असेल, पण बोलणं एखाद्या जुन्या हेडमास्तरणीचं. सकाळपासून तिनं तेच तेच प्रश्न तीन वेळा विचारले होते. पेसमेकर आहे का, शरीरात कुठे धातूची पट्टी आहे का, कसली ॲलर्जी, कधी श्वास कोंडला होता का, किडनीचा त्रास किती वर्षं. फॉर्मवर सगळं लिहिलेलं असूनही ती पुन्हा तोंडानं विचारायची आणि उत्तर येताना माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची. बाहेर बसलेले दोन पेशंट तिच्या नावानं कुरकुरत होते. तिच्या कानावर ते जात होतं आणि ती काडीचीही दखल घेत नव्हती.

एरवी अशी बाई काटेवाल्यांना मनापासून आवडली असती. चाळीस वर्षं त्यांनी बाजारातले काटे दुरुस्त केले होते. भाजीवाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे, औषधाच्या दुकानांतले. त्यांचं खरं नाव बाजारात कुणाला येत नव्हतं, काटेवाले म्हटलं की काम भागायचं. एखादा दुकानदार लाडीगोडी लावून म्हणायचा, काका, पन्नास ग्रॅम आपल्या बाजूला राहू द्या ना. काटेवाले एक शब्द न बोलता हत्यारांची पेटी बंद करून चालू लागायचे. मग तो दुकानदार पायऱ्या उतरून मागे धावायचा. या माणसानं आयुष्यात एकच काटा बिघडवला होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरात, कपाटाशेजारी ठेवलेला होता.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, आत कपडे बदलणाऱ्या या काकूंच्या, आतड्याचं ऑपरेशन झालं. कॅन्सरचा रोग होता, तो काढला, पण सर्जन म्हणाले, आता वजन धरलं पाहिजे. ते वाक्य काकूंनी मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी, चहाच्याही आधी, त्या काट्यावर उभ्या राहायच्या. दुसऱ्या महिन्यात एका रविवारी तीन किलो एकदम कमी भरले. काकू उतरल्या आणि त्या दिवशी दुपारी आणि रात्री त्यांनी ताटाला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सोमवारी त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या तेवढ्यात काटेवाल्यांनी काटा उपडा केला आणि पेटी उघडली.

काम मात्र त्यांनी त्यांच्या लौकिकाला साजेसं केलं. नवशिका असता तर त्यानं नुसतं शून्य सरकवलं असतं आणि पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. काटेवाल्यांचा काटा रिकामा असताना बरोबर शून्यावर असे. माणूस उभा राहिला की मगच तो खोटं बोलायचा. काकू जसजशा उतरत गेल्या तसतशी ते स्प्रिंग बदलत गेले. रविवारी आकडा अठ्ठावन्न, कधी साडेसत्तावन्न, आणि एकदा मोठ्या मनानं एकोणसाठसुद्धा. काकू उतरून म्हणायच्या, चला, धरलंय म्हणायचं. आणि अर्धी पोळी जास्त खायच्या. त्या अर्ध्या पोळीसाठी काटेवाल्यांनी आणखी दहा काटे बिघडवले असते.

मध्ये एकदा जावई आला होता. गंमत म्हणून काट्यावर उभा राहिला आणि एकशे दोन किलोचा आकडा बघून पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोड सोडलं आणि पहाटे धावायला लागला. महिन्याभरात तो चांगला सडसडीत झाला. काटेवाल्यांनी त्याला आजतागायत काही सांगितलेलं नाही.

आज बाहेर फॉर्म भरताना काकू त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. वजनाच्या रकान्याशी पेन थबकलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "अठ्ठावन्न लिहा. परवाच तर केलं." काटेवाल्यांनी लिहिलं. नंतर काउंटरवर गुपचूप जाऊन आकडा बदलू, असा त्यांचा बेत होता. पण काउंटरवरच्या माणसानं फॉर्म घेतला आणि थेट आत पाठवून दिला.

"ताई," काटेवाले आता उठून टेबलापाशी गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दोनचार किलो इकडेतिकडे झाले तर असं काय बिघडतं? फोटोच तर काढायचाय तिचा."

"नुसता फोटो नाही काढायचा. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचंय. ते किलोवर असतं. जितकं वजन तितकं औषध."

"थोडं जास्त गेलं तर?"

टेक्निशियननं त्यांच्याकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, खुर्ची ओढून बसली आणि फाइल उघडली.

"काका, या औषधात एक धातू असतो. गॅडोलिनियम. तो आहे म्हणून फोटोत डाग उठून दिसतो. काम झालं की किडनी त्याला लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी चांगली असेल तर दिवसभरात सगळं साफ. पण काकूंच्या किडन्या रक्तदाबानं थकल्यात. त्यांच्या अंगात ते जास्त वेळ राहणार. म्हणून आधी हिशेब करायचा की किडनी किती काम करतेय. त्या हिशेबात वय येतं, रक्तातलं क्रिएटिनिन येतं आणि वजन येतं." तिनं कागदावर आकडेमोड करून दाखवली. "वय एकसष्ट. क्रिएटिनिन एक पॉइंट चार, कालच्या रिपोर्टात. वजन अठ्ठावन्न धरलं तर उत्तर येतं अडतीस. आमची रेघ तीसची. तीसच्या वर असेल तर मी पुढे जाऊ शकते."

"आणि खाली?"

"खाली असेल तर मी माझ्या अधिकारात सुई टोचत नाही. मोठे डॉक्टर ठरवतात. कधी पुढे ढकलतात, कधी इंजेक्शनाशिवाय साधा स्कॅन करून पाठवतात."

साधा स्कॅन. तीन आठवड्यांपूर्वी सोनोग्राफीत लिव्हरवर एक डाग दिसला होता. दुसऱ्या एका सेंटरमध्ये गेले, तर तिथल्या माणसानं क्रिएटिनिन बघून हात झटकले आणि बिनइंजेक्शनाचा स्कॅन करून दिला. रिपोर्टात लिहून आलं की डाग आहे, आणखी दोन जागाही संशयाच्या आहेत, पण कशाच्या ते सांगता येत नाही. सर्जननी दोन्ही शक्यता समोर ठेवल्या होत्या. रक्तवाहिन्यांचा साधा गुंता असेल तर हातही लावायचा नाही. जुना रोग असेल आणि एकाच ठिकाणी असेल तर लवकरात लवकर कापून काढायचा. पण काय आहे ते कळल्याशिवाय मी पोट उघडणार नाही, असं ते म्हणाले होते. त्या दिवसापासून काकूंनी एकच धोशा लावला होता. काय आहे ते मला कळलं पाहिजे. त्यांनी स्वतः चार ठिकाणी फोन केले आणि हे सेंटर शोधून काढलं.

म्हणजे आता सगळा खेळ तीसच्या रेघेवर आला होता.

"हा काटा जरा बघू का?" काटेवाले म्हणाले. "माझा धंदाच तो. जमीन सरळ नसली की फरक पडतो."

"बघा. पण लवकर."

ते गुडघे टेकून खाली बसले. काटा बरा होता, इलेक्ट्रॉनिक, बाजूला तपासणीचा शिक्का. त्यांनी तो कलता करून खालून हात घातला. मागच्या बाजूची दोन बटणं एकदम दाबून धरली की पुढे काय करता येतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. बायको बाहेर येईल, उभी राहील, आकडा येईल अठ्ठावन्न, किडनीचं उत्तर अडतीस. इंजेक्शन मिळेल. काय आहे ते कळेल. आणि तिला काहीच कळणार नाही.

बोटं बटणांवर पोचली होती. टेक्निशियन पाठमोरी उभी राहून सिरिंजचं पाकीट फाडत होती.

औषध जास्त जाणार होतं. थकलेल्या किडनीवर जास्त औषध. भाजीवाल्याच्या पन्नास ग्रॅमसाठी पेटी बंद करणारा माणूस आता आपल्या बायकोच्या रक्तात खोटं माप ओतायला निघाला होता. काटेवाल्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. त्यांनी हात बाहेर काढला.

"ताई, समजा पंधरा किलोचा फरक असेल तर?"

टेक्निशियन वळली. "पंधरा?"

"घरचा काटा मी बिघडवलाय. ती खचू नये म्हणून. अठ्ठावन्न नाहीये ती. किती आहे ते मलाही नक्की ठाऊक नाही, चाळीसच्या वर कुठेतरी असेल."

टेक्निशियननं सिरिंज खाली ठेवली.

"बरं झालं बोललात," ती म्हणाली.

"पाया पडतो तुमच्या, तिच्यासमोर आकडा बोलू नका. तुम्ही बघा, लिहून घ्या, पण बोलू नका."

"मी आपणहून नाही बोलणार. पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही. आणि काका, संमतीच्या कागदावर त्यांची सही लागणार आहे. तुमची चालत नाही. माझ्या टेबलावर चुकीच्या आकड्याखाली मी कुणाची सही घेत नाही."

दार उघडलं. काकू सेंटरचा हिरवा झगा घालून बाहेर आल्या. त्यात त्यांच्यासारख्या दोघी सहज मावल्या असत्या. नाड्या त्यांनी कमरेभोवती दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारली होती. नवरा जमिनीवर गुडघे टेकून बसलेला पाहून त्या म्हणाल्या,

"झालं? इथेही दुकान मांडलंत?"

काकूंनी सपाता काढल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या. आकडे फिरले, थांबले. टेक्निशियननं वाकून पाहिलं आणि लिहून घेतलं. काकूंना चष्म्याशिवाय आकडा दिसत नव्हता.

"किती?"

टेक्निशियननं काटेवाल्यांकडे बघितलं. काटेवाले अजून खालीच बसलेले होते, आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होता.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "त्रेचाळीस किलो शंभर ग्रॅम."

"असं का?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं बेचाळीस भरेल."

काटेवाल्यांनी मान वर केली.

"मी पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय हो," काकू काट्यावरून उतरत म्हणाल्या. "कंबर सात इंच गेली माझी. पाच वेळा शिवणी आत घेतल्या. आणि तुमचा काटा जागचा हलेना. मला काय कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"रविवारचा दिवस तुमचा बरा जायचा. म्हटलं, जाऊ दे." त्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सपाता घालायला लागल्या. "जावयाला मात्र उगीच धावायला लावलंत."

काटेवाल्यांना हसावं की रडावं कळेना. सगळं वर्ष आपण हिला सांभाळतोय अशी त्यांची समजूत होती. ते तसेच खाली बसून राहिले, मग काकूंनीच त्यांना दंडाला धरून उठवलं.

टेक्निशियननं तोवर नवं गणित केलं होतं. "अठ्ठावीस पॉइंट सात," ती म्हणाली. "तीसच्या खाली आलं, काकू. आता डॉक्टरांना बोलवावं लागेल."

"बोलवा की. मी कुठे पळून चाललेय?"

डॉक्टर आले. साठीच्या आसपासचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर. पडद्यासमोर थंड खोलीत दिवस काढणाऱ्या माणसासारखे डोळे बारीक करून बघायचे. त्यांनी कागद वाचला, दोन्ही आकडे वाचले, खोडलेल्या अठ्ठावन्नवर क्षणभर नजर थांबवली. मग सवयीनं ते काटेवाल्यांकडे वळून बोलायला लागले.

"हे बघा, यांच्या किडनीचा आकडा..."

"डॉक्टर, किडनी माझी आहे," काकू म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. मग स्टूल ओढून काकूंच्या समोर बसले.

"बरोबर आहे. ऐका मग. हा धातू मोकळा सुटला तर शरीराला विषारी असतो, म्हणून औषधात त्याला बांधून ठेवलेलं असतं. जुन्या काही औषधांत ती गाठ सैल असायची. किडनी बंद पडलेल्या काही लोकांमध्ये धातू सुटून अंगात साचला, कातडी आणि सांधे दगडासारखे कडक झाले. तेव्हापासून सगळे घाबरतात, आणि घाबरणं चूक नाही. आता आम्ही वापरतो त्यात धातू पिंजऱ्यात बंद असतो. या प्रकारानं तसा त्रास झाल्याचं फारच क्वचित ऐकायला मिळतं. पण शून्य धोका, असं मी लिहून देणार नाही. थोडा अंश अंगात राहू शकतो. इंजेक्शनानंतर मळमळ होईल, क्वचित पित्त उठतं, अगदी क्वचित श्वास अडतो. त्याची औषधं खोलीत तयार असतात."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मलाही तेच लिहावं लागेल. सांगता येत नाही."

"ते मला पाठ झालंय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात झग्याच्या नाडीत घट्ट गुंतले होते. "तीन आठवडे मी ते एक वाक्य घेऊन झोपतेय, डॉक्टर. भीती मला सुईची नाहीये. माझ्या पोटात काय बसलंय ते मला माहीत नाही, त्याची आहे. योग्य तेवढं द्या. एक थेंब जास्त नको. पण द्या."

डॉक्टरांनी बाहेर जाऊन किडनीच्या डॉक्टरांना आणि मग सर्जनना फोन केला. वीस मिनिटं गेली. बाहेरचे पेशंट एव्हाना उघडउघड चिडले होते. टेक्निशियननं दार किलकिलं करून त्यांना सांगितलं की वेळ लागेल, ज्यांना घाई आहे त्यांनी उद्या यावं. कुणी उठलं नाही.

डॉक्टर परत आले. "द्यायचं. वजनाइतकंच, वर काही नाही. दोन आठवड्यांत दुसरं इंजेक्शन घ्यायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. परवा क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं."

काकूंनी संमतीचा कागद मागून घेतला, पर्समधून चष्मा आणवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वजनाच्या जागी आता ४३.१ लिहिलेलं होतं. त्यांनी सही केली, आणि खाली तारीखही स्वतःच घातली.

टेक्निशियननं बाटलीतून औषध ओढलं. सिरिंज उजेडात धरून बोटानं टिचकी मारली, हवेचा बुडबुडा बाहेर घालवला आणि रेघेवर डोळे बारीक करून थांबली.

"किती?" काटेवाल्यांनी विचारलं.

"आठ पॉइंट सहा मिली. अठ्ठावन्न धरलं असतं तर साडेअकराच्या वर गेलं असतं."

"मी बघू?"

तिनं सिरिंज त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती नीट डोळ्यांच्या समांतर आणायला लावली, पाहिली आणि मान हलवली. बरोबर होतं.

काकूंना यंत्राच्या टेबलावर झोपवलं, पोटावर जाळीसारखं काहीतरी बांधलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा दिला. काटेवाले काचेच्या अलीकडे उभे राहिले. टेबल आत सरकलं तेव्हा त्यांना फक्त तळपाय दिसत राहिले.

"श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा," टेक्निशियन माइकमध्ये म्हणायची. यंत्र खडखडायचं. "सोडा." आणि परत तेच. पहिले फोटो औषधाशिवाय झाले. मग तिनं आत जाऊन नळी जोडली. "काकू, आता औषध येतंय. हात गार वाटेल. याच्यानंतर श्वास नीट धरायचाय. हलायचं नाही. हे चार फोटो चुकले तर परत मिळत नाहीत. आज दुसऱ्यांदा औषध देता यायचं नाही."

"श्वास घ्या. सोडा. धरा."

काटेवाल्यांनीही धरला. पंधरा सेकंद, अठरा. त्यांची छाती दुखायला लागली. ऑपरेशनपासून काकूंना जिना चढतानाही दम लागायचा. हिला हे झेपणार नाही, त्यांच्या मनात आलं, आता फुगा दाबेल. तळपायांची बोटं आवळली गेली, पण पाय हलले नाहीत. वीस सेकंद.

"सोडा," टेक्निशियन म्हणाली. पडद्याकडे बघत ती हळूच पुटपुटली, "वा, काकू." चारही वेळा काकूंनी श्वास धरला. चौथ्या वेळी काटेवाल्यांना जमलं नाही.

स्कॅन संपल्यावर काकूंना बाकावर बसवलं. सुई अर्धा तास तशीच ठेवली, काही त्रास झालाच तर शीर शोधायला नको म्हणून. टेक्निशियन दर दहा मिनिटांनी येऊन त्यांच्या हातांवर पित्त उठलंय का बघून जात होती. शेवटी तिनं सुई काढली आणि त्या जागी कापूस दाबून धरायला सांगितला. तेवढ्यात डॉक्टरांनी आतल्या दारातून काटेवाल्यांना खूण केली.

"काका, जरा आत या. एकटेच."

आतली खोली थंड आणि अंधारी होती. पडद्यावर काळ्यापांढऱ्या चकत्या होत्या. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं एक गोल ठिपका दाखवला.

"हा औषधाच्या आधी. हा अर्ध्या मिनिटानं. हा मिनिटभरानं, हा तीन मिनिटांनी, आणि हा पाच मिनिटांनी. साधा गुंता असता तर कडेपासून भरत भरत सगळा पांढरा झाला असता. हा झाला नाही. कड उजळली आणि आत काळंच राहिलं."

"म्हणजे तोच रोग."

"तसंच दिसतंय." डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण एकच आहे. साध्या स्कॅनमध्ये आणखी दोन जागा संशयाच्या होत्या, त्या आज पूर्ण साफ निघाल्या. चौदा मिलिमीटर, कडेला आहे. सर्जनना काढता येईल. हे श्वास धरून मिळालेले फोटो आहेत म्हणून इतकं ठामपणे बोलतोय."

काटेवाल्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"लेखी रिपोर्ट परवा मिळेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर त्यांना काही बोलू नका. रिपोर्ट यायचाय म्हणा. सर्जन नीट समजावतील. दोन दिवस शांत जातील बिचाऱ्यांचे."

ते मनापासून म्हणत होते, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. रिपोर्ट यायचाच होता. काटेवाले ते वाक्य घेऊन बाहेर आले.

काकूंनी कपडे बदलले होते. एका हातानं दुसऱ्या हातावरचा कापूस दाबून त्या बाकाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी काटेवाल्यांकडे नुसतं बघितलं.

"रिपोर्ट..." काटेवाल्यांनी सुरुवात केली. पुढचं वाक्य तयार होतं. ते तिच्या शेजारी बसले. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. काकू अजून बघतच होत्या.

"तोच आहे," ते म्हणाले. "परत आलाय. लिव्हरमध्ये. चौदा मिलिमीटरचा. एकच जागा आहे, बाकी सगळं साफ. काढता येईल म्हणाले."

काकूंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, दोन्ही हात कापसात अडकलेले होते. काटेवाल्यांनी आपल्या रुमालानं ते पुसलं, मग स्वतःचे डोळे पुसले. समोरच्या बाकावरची माणसं दुसरीकडे बघायला लागली.

"एकच," काकू म्हणाल्या. "हे त्यांचं की तुमचं?"

"त्यांचं. मी डोळ्यांनी बघितलं."

काकूंनी कापूस उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं.

"सर्जन आज किती वाजेपर्यंत असतात?"

"पाचपर्यंत. पण अगं, रिपोर्ट परवा मिळणार आहे. आज दमली असशील. घरी जाऊन पड जरा."

"दमलेय," काकू म्हणाल्या. वर्षभरात हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. "खूप दमलेय. पाय कापतायत माझे. हात द्या मला, आणि चला तिकडे."